सातमाळेच्या धारेवर, एकट्यानं

बर्फाळ मुलखातले लोक डोंगर चढतात ते उतरण्यासाठी. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवतात; तिचे केस मागे वळलेले असल्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. पूर्वी ही पट्टी सीलच्या कातड्याची असे, आता नायलॉनची किंवा मोहेरची असते. सकाळभर चढायचं, खिंडीत पट्टी सोलून पाठपिशवीत कोंबायची आणि बघता बघता तळ गाठायचा. नाशकात हे सुख नाही. निफाडचा पारा घसरला की दवबिंदू गोठल्याचे फोटो पेपरात येतात, द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. बर्फाशी आमची ओळख एवढीच. आणि इथल्या सातमाळेच्या डोंगररांगेत चढण हा दिवसाचा सोपा भाग. दम लागतो, थांबलं की भागतं. खरी परीक्षा उताराची, आणि त्याहून अवघड आडव्या चालीची.

तरी एकट्यानं दिवसभर डोंगरात राहण्याचं काम दोन्हीकडे एकच आहे: ठरवणं. पुढे जायचं की वळायचं, वरून की खालून, आत्ता पाणी प्यायचं की अजून अर्धा तास ओढायचं. सोबत माणसं असली की हे निर्णय आपोआप वाटले जातात. एकटं असलं की सगळे आपल्यावर येतात, आणि संध्याकाळी पायांच्या आधी डोकं थकतं.

आजचा बेत असा: मुळाणे बारीच्या खिंडीतून निघायचं, रवळ्या-जवळ्याच्या पठारावरून पूर्वेला धोडप गाठायचा आणि दक्षिणेला हट्टीत उतरायचं. नकाशावर बारी ते धोडप सरळ रेघ दहा किलोमीटरच्या आसपास भरते. पायाखालचं अंतर बरंच जास्त. अचला-अहिवंतापासून चांदवडच्या पलीकडे जाणारी ही रांग पाणलोटाची धार आहे. दक्षिण उतारावरचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातं, उत्तरेकडचं गिरणेतून तापीत आणि तिथून अरबी समुद्रात. धारेवर उभं राहून डाव्या-उजव्या हाताला दोन समुद्रांच्या वाटा दाखवता येतात. दाखवायला कोणी नसतं, ही एकट्याची अडचण.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे पंधरा मिनिटांच्या चौकोनांत कापलेले असतात. इथे ७४ अंश रेखावृत्त नेमकं रवळ्या-जवळ्या आणि धोडपच्या मधून जातं, त्यामुळे दिवसाचा पूर्वार्ध एका कागदावर आणि उत्तरार्ध दुसऱ्यावर. दोन्ही कागदांवर मी पेन्सिलीनं पळवाटा आखून ठेवतो. कुठल्या खिंडीतून खालचं कुठलं गाव गाठता येईल, हे घरी टेबलाशी बसून ठरवलेलं बरं. उन्हात, तहानेनं, डोंगर पूर्ण करायच्या हट्टात ते नीट ठरत नाही. त्याच पळवाटांची चिठ्ठी घरीही असते, आणि ‘इतक्या वाजेपर्यंत फोन नाही आला तर’ ही वेळही. मोबाइलला धारेवर रेंज मिळते, घळीत शिरलं की जाते. म्हणून प्रत्येक खिंडीत एक मेसेज: पोचलो, निघालो.

जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि सव्वासहाच्या सुमारास मावळतो. अकरा तासांचा उजेड, त्यातले दोन राखीव. वणीहून कळवणकडे जाणारी काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही, तिथे आणखी अर्धा तास जातो. बारीत उतरलं की मागे मार्कंड्या, त्याच्या पल्याड सप्तशृंग गड. समोरची सोंड थेट चढायला लागायची.

सह्याद्रीच्या चढाला एक ठरलेली बांधणी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. प्रत्येक थराचा घट्ट भाग कडा होऊन उभा राहिला, मऊ भाग झिजून पदर झाला. म्हणून कडा, पदर, परत कडा, परत पदर. कड्यात फट सापडली की वर, नाही सापडली तर पदरातून आडवं चालत ती शोधायची. सातमाळेतली जवळजवळ सगळी चाल या एका वाक्यात बसते. बाकी सगळं ती फट कुठे आहे हे ओळखण्यात.

ओळखायचं कशावरून? वाटेवरून. आणि इथे एकट्याच्या दिवसातलं सगळ्यात बारीक काम सुरू होतं, कारण डोंगरात वाटा कमी नसतात, फार असतात. ढोरवाटा समपातळीत, एकाखाली एक अशा आडव्या जातात. गुरांना माथ्याशी काही घेणंदेणं नसतं, चारा आणि पाणी एवढंच बघायचं असतं. शेळ्यांची वाट भरवशाची वाटते आणि कड्याच्या टोकाशी नेऊन सोडते, कारण शेळी तिथून पुढे जाऊ शकते. सरपणाची वाट कोयत्यानं तोडलेल्या फांद्यांवरून कळते, आणि ती नेहमी खालच्या गावाकडे झुकते, मोळी डोक्यावर घेऊन कोणी वर चढत नाही. माणसानं एका गावातून दुसऱ्या गावात जायला पाडलेली वाट मात्र तिरकी चढते, वळणावर दगड घासून गुळगुळीत झालेला असतो, मातीत चपलेचा ठसा असतो. ट्रेकर मंडळींनी रंगवलेले बाण असतात कुठे कुठे. त्यांच्यावर माझा विश्वास बेताचाच, कारण बाण एकदाच काढला जातो आणि वाट दर पावसाळ्यात बदलते. घरोघरी गॅस आल्यापासून सरपणाच्या वाटा बुजत चालल्या आहेत. घरातल्या बाईच्या डोक्यावरचा भार उतरला हे चांगलंच झालं. भटक्याची सोय गेली म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही.

रवळ्या आणि जवळ्या हे एकाच पठारावर उभे असलेले जोडकिल्ले. पठारावर पोचलं की चाल एकदम सैल होते. उत्तरेला कळवणचा सखल मुलूख आणि त्यापलीकडे सेलबारी-डोलबारीची रांग दिसते, हवा स्वच्छ असेल तर साल्हेरही. १५६७ मीटर उंचीचा साल्हेर म्हणजे महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. दक्षिणेला दिंडोरीच्या द्राक्षबागा. याच रांगेची कांचनबारी पूर्वेला आहे. १६७० च्या ऑक्टोबरात सुरतेची दुसरी लूट घेऊन परतणारे शिवाजी महाराज ही रांग ओलांडत असताना दाऊदखानाशी लढाई झाली ती त्याच भागात. घोडे, बैल, लुटीचं ओझं आणि मागे मोगल, अशा अवस्थेत खिंड निवडणाऱ्याच्या डोक्यावर किती भार असेल, हे इथे चालल्याशिवाय उमगत नाही.

दोन्ही किल्ल्यांचे माथे मी एकटा असताना सोडून देतो. नियम साधा आहे: जिथे पायांसोबत हात लावावे लागतील तिथे एकट्यानं जायचं नाही. उतरताना पाय कुठे ठेवायचा हे सांगायला खाली कोणी नसतं.

पठारावरच्या झापापाशी एक आजी गोवऱ्या रचत होत्या. मी पाणी मागितलं. त्यांनी तांब्या दिला आणि मागे कोणी येतंय का ते पाहिलं.

“एकलेच?”

“हो आजी. धोडपला निघालोय.”

“पोरंबाळं घरी, अन् तुम्ही एकले डोंगरात.” त्यांनी मान हलवली. “ती खालची वाट दिसती ना, तिला लागू नका भाऊ. ती पाण्याला जाती. वरली धरा, जळालेल्या रानातून. गवतात पाय टिकत नाही आता.”

वणव्यानं काळा झालेला तो पट्टा मी टाळायच्या विचारात होतो. काजळी पायाला लागते, आणि आधार देणारं गवत जळून गेल्यामुळे दगड सुटे होतात. पण आजींचं म्हणणं बरोबर होतं. जानेवारीत गवत वाळून उताराच्या दिशेनं आडवं पडतं, आणि त्यावर बूट ठेवला की तेलाच्या फरशीवर ठेवल्यासारखा निसटतो. दसऱ्याच्या सुमारास हेच गवत छातीएवढं हिरवं असतं. तेव्हा वाट दिसत नाही, पण पाय टिकतो. आता वाट दिसते आणि पाय टिकत नाही. जळालेल्या पट्ट्यात दोन्ही जमतं, फक्त प्रत्येक दगड हलवून बघावा लागतो.

जवळ्याच्या पुढे माणसांचा वावर कमी होत जातो आणि आडवी चाल सुरू होते. डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला दरी, मधला पदर कधी बैलगाडी जाईल एवढा रुंद, कधी वीतभर. जिथे घळ उतरते तिथे पदर तुटतो आणि घसारा लागतो. सुट्या मुरमाचा उतार तीस-पस्तीस अंशांच्या आसपास तोल सांभाळून पडलेला असतो; त्याहून उभा झाला की आपणहून सरकतो. हिमकडे कोसळतात तेही बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर. म्हणून एकटा स्कीवाला प्रत्येक उतारापुढे थांबून कोन मोजतो आणि बर्फाचे थर खणून बघतो. आम्ही काठी रोवून बघतो. काठी खोल गेली आणि भोवतालचे खडे खाली धावले, तर मधून जायचं नाही; वर कड्याच्या पायथ्याशी चिकटून जायचं. तिथे खडे मोठे असतात, जरा बसलेले असतात. त्यासाठी वीस मीटर जास्त चढावं लागतं आणि संध्याकाळचा उजेड थोडा खर्च होतो. हा खर्च करायचा. फरक एवढाच की मुरूम सरकला तर माणूस खरचटून, फार तर पाय मुरगळून खाली जातो. बर्फ सरकला तर गाडला जातो. पण एकट्याला मुरगळलेला पायसुद्धा पुरे होतो. महाराष्ट्रात बचावाच्या हाकेला धावून जाणारे गिर्यारोहक आहेत, चोख काम करतात, पण त्यांना इथवर पोचायला अर्धा दिवस लागेल.

घरच्यांना बिबट्याची काळजी असते. खरं तर बिबट्याची भीती निफाडच्या उसात जास्त. इथे नजर ठेवायची ती कड्याच्या कपारीला लटकलेल्या आग्या मोहोळावर. ते दिसलं की बोलणं बंद, हालचाल सावकाश, आणि सकाळी अंगाला अत्तर किंवा सुगंधी साबण न लावल्याचं समाधान. विडी-काडीचा तर प्रश्नच नाही. गटानं आलेल्यांना आवाज आवरत नाही म्हणून मोहोळं उठतात; इथे एकट्याची बाजू खरोखर उजवी.

दुपारी धारेच्या उत्तरेची सावली गाठता आली तर पाणी वाचतं. दक्षिण उतार उघडाबोडका, उत्तरेला झाडी टिकून राहिलेली. चार लिटरमधलं निम्मं पाणी जेवणापर्यंत उरलं नसेल तर पुढची पळवाट घ्यायची, असा माझा हिशेब असतो. किल्ल्यांवर टाकी आहेत, पण टाक्यातलं पाणी आहे असं धरून निघायचं नाही. असलं तर बोनस.

धोडप आधी खूप वेळ नुसता दिसत राहतो. उंची साडेचौदाशे मीटरच्या आसपास, आणि माथ्याला लागून गेलेली ती प्रसिद्ध कातळभिंत. लाव्ह्याचे थर निवल्यावर त्यांना पडलेल्या भेगांत नवा रस शिरला, तो भोवतालच्या खडकापेक्षा कठीण निघाला, आणि बाकीचं झिजून गेल्यावर भिंत म्हणून उरला. तिच्यात मधेच चौकोनी खाच आहे. हट्टीच्या शिवारातून ती ठळक दिसते. धारेवरून येताना कोन बदलेल तशी उघडते आणि मिटते. अंतर मोजायला मला ती उपयोगी पडते. १७६८ च्या जून महिन्यात थोरल्या माधवरावांनी राघोबादादांना याच किल्ल्यात गाठून शरण आणलं. चुलत्या-पुतण्याच्या भांडणाची ही जागा पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपते. इथे आल्यावर निदान एवढं कळतं की दादांनी लपायला जागा वाईट निवडली नव्हती.

वळण्याची वेळ मी दोनची धरली होती. दोनला माचीखालच्या झाडीत होतो, म्हणजे माथ्याचा मोह धरायला वाव होता. वर गुहा आहेत, देवीचं ठाणं आहे, पायऱ्या आहेत, वाट सोपी. पण जाऊन-येऊन दोन तास, आणि खाली उतरायचे गुडघे तेच. माथा सोडला. सोनारवाडीच्या बाजूला झाडाखाली भाकरी, ठेचा आणि गूळ खाल्ला, बुटातले खडे झटकले, आणि नाडी वरच्या भोकापर्यंत घट्ट बांधली. उतरताना बोटं बुटाच्या टोकाला आदळू नयेत म्हणून हे करावंच लागतं. न करणाऱ्याची नखं काळी पडतात.

हट्टीची वाट रुळलेली आहे, चुकायची भीती नाही, आणि नेमकी म्हणूनच तिथे लोक पडतात. ठरवण्यासारखं काही उरत नाही, डोकं आधीच गावात पोचतं, पाय मागे राहतात. मी उतारावर पावलं मुद्दाम लहान करतो, गुडघा थोडा वाकलेला ठेवतो, काठी नेहमी दरीच्या बाजूच्या हातात. जळवणाची मोळी घेतलेली दोन पोरं मला मागे टाकून पळत गेली, पायात प्लास्टिकच्या चपला.

गावात पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. घरी शेवटचा मेसेज केला. वडाळीभोईला जाणारा कांद्याचा पिकअप निघायच्या बेतात होता, ड्रायव्हरनं पुढची सीट रिकामी केली आणि विचारलं, “कुठून उतरला?” मुळाणे बारीतून आलो म्हटल्यावर त्यानं गाडी सुरू करता करता सांगितलं, “माझी आत्या तिकडं दिलीय. तिचं बाळंतपण झालं तेव्हा आजी डिंकाचे लाडू घेऊन याच धारेनं गेली होती. सकाळी गेली, दुसऱ्या दिवशी परत. एकटीच.” मग हायवेवर नाशिकची गाडी कुठे थांबते, सुटे पैसे आहेत का, याची चौकशी त्यानं सुरू केली.