मुलाखतीचा अभ्यासक्रम तुमच्याच अर्जात

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेचा निकाल लागला की सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये वेगळीच धावपळ सुरू होते. कोट शिवायला टाकायचा, मॉक मुलाखतींच्या तारखा घ्यायच्या, आधीच्या वर्षी निवड झालेल्यांना कोणते प्रश्न आले ते गोळा करायचं. या गडबडीत जो कागद सगळ्यात आधी हातात घ्यायला हवा, तोच मागे पडतो. तो म्हणजे स्वतः भरलेला सविस्तर अर्ज, मुलांच्या भाषेत ‘डॅफ’.

लेखी परीक्षेला १७५० गुण आणि मुलाखतीला २७५. राज्यसेवेनेही २०२५ पासून हाच साचा घेतला आहे. दिल्लीत शाहजहान रोडवरच्या धोलपूर हाउसमध्ये आयोगाचे एक सदस्य अध्यक्ष म्हणून बसतात, सोबत सहसा चार तज्ज्ञ. तुम्हाला लेखीत किती गुण पडले हे त्यांना सांगितलेलं नसतं. त्यांच्यासमोर असते ती तुम्हीच दिलेली माहिती: गाव, शिक्षण, नोकरी, छंद. जेमतेम अर्ध्या तासात अनोळखी माणसाला जोखायचं, तर सुरुवात तिथूनच होणार.

समजा, अर्जात जिल्हा सोलापूर आणि छंद दुर्गभ्रमंती असं लिहिलंय. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, हे सगळेच पाठ करून जातात. प्रश्न त्याच्या पुढचा येतो: मानांकन असूनही नक्कल बाजारात कशी विकली जाते, आणि ती रोखायची कुणी? उजनी धरण जिल्ह्यातच, तरी शहराला रोज पाणी का मिळत नाही? ‘धरण उशाला, कोरड घशाला’ एवढं म्हणून इथे सुटका होत नाही. धरणातलं पाणी उसाला किती, शहराला किती, जलवाहिनीच्या कामाचं काय झालं, हे ठाऊक असावं लागतं. १९३० साली याच शहरात इंग्रजांनी लष्करी कायदा लावला आणि जानेवारी १९३१ मध्ये चौघांना फाशी दिली. सोलापूरच्या उमेदवाराला हे सांगता आलं नाही, तर मंडळाला ते खटकणारच.

छंदाचंही तसंच. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रात, बारावा जिंजी तमिळनाडूत. जिंजी त्या यादीत का, हे सांगताना राजाराम महाराजांपर्यंत जावं लागतं. लगेच पुढचा प्रश्न येऊ शकतो: गडावरची गर्दी आणि कचरा जिल्हाधिकारी म्हणून कसा आवराल? ज्याने रविवारची गर्दी स्वतः पाहिली आहे, त्याला याचं उत्तर पुस्तकात शोधावं लागत नाही. ज्याने अर्ज भरून दिसावा म्हणून छंद लिहिला, तो दुसऱ्याच प्रश्नाला अडतो.

म्हणून क्लासच्या नोट्स बाजूला ठेवा आणि चार दिवस गावी जा. यंत्रमागवाल्या काकांना वीजबिल विचारा, कामगार कुठे गेले ते विचारा. तलाठ्याशी बोला. ही माहिती कुठल्याही गाइडमध्ये छापलेली नसते आणि मंडळाला ती ऐकायला आवडते, असं मला मनापासून वाटतं. मॉक मुलाखती दोन-तीन पुरे. त्यापुढे एक जण सांगतो हात हलवू नका, दुसरा म्हणतो मोकळेपणाने बोला. आणि मुलं सगळी एकाच घडणीची उत्तरं देऊ लागतात. ‘समाजाची सेवा करायची आहे’ हे वाक्य दिवसभरात किती वेळा कानावर पडत असेल!

माहिती नसेल तर ‘माफ करा सर, हे मला ठाऊक नाही’ म्हणावं. सामान्यज्ञान लेखीत तपासून झालेलं असतं, त्यामुळे एखादी सनावळी हुकली म्हणून काही बिघडत नाही. मत विचारलं असेल तेव्हा मात्र हे वाक्य चालत नाही. तिथे बाजू घ्यावी लागते आणि कुणी उलट मुद्दा मांडला तर तो ऐकूनही घ्यावा लागतो.

मुख्य परीक्षा मराठीतून दिलेल्यांना मुलाखतही मराठीतून देता येते. इंग्रजी कच्चं म्हणून घाबरण्याचं कारण नाही. दुभाषी सोबत असतो, तेव्हा वाक्यं आटोपशीर ठेवा. पल्लेदार वाक्याचा अर्थ दुभाष्याच्या हातून निसटला, तर नुकसान तुमचं होतं.

आपल्यासमोर कोणतं मंडळ येणार हे त्याच दिवशी कळतं. तेव्हा अमक्या सदस्यांना काय आवडतं, याचा शोध घेण्यात वेळ घालवू नका. त्या सकाळी मोबाइलवर आपल्या जिल्ह्याचं पान मात्र वाचून निघा. रात्रीतून तिथे काही घडलं असेल, तर ते विचारलं जाऊ शकतं.