राज्य बदलले की पासिंगही बदलते

भारतातील एका राज्यात नोंदवलेली मोटार देशातील कोणत्याही रस्त्यावर चालवता येते आणि त्यासाठी दुसऱ्या राज्यात वेगळी नोंदणी करावी लागत नाही, अशी तरतूद मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४६ मध्ये आहे. लगेच पुढच्या कलमात मात्र या मुभेला मुदत घातलेली आहे. कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदवलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले गेले, तर मालकाने त्या दुसऱ्या राज्यातील नोंदणी प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे व्यवहारात आरटीओ या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या परिवहन कार्यालयाकडे, अर्ज करून गाडीसाठी नवे नोंदणी चिन्ह घ्यावयाचे असते. नोंदणी चिन्ह म्हणजे पाटीवरचा नंबर. बोलताना सगळेजण त्याला 'पासिंग' म्हणतात. पुण्याहून बेंगळुरूला, नागपूरहून हैदराबादला किंवा कोल्हापूरहून पणजीला बदली झालेल्या कुटुंबाला हा प्रश्न आज ना उद्या गाठतोच, आणि तो वाहतुकीचा नसून मुळात कराचा आहे हे बहुतेकांच्या फार उशिरा लक्षात येते.

या गुंत्याचे मूळ राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. या अनुसूचीत कायदे करण्याचे विषय केंद्र, राज्ये आणि दोघांचे सामाईक क्षेत्र अशा तीन सूचींत वाटून दिलेले असून, यांत्रिक शक्तीवर चालणारी वाहने हा विषय आणि त्यांच्यावरील कराची तत्त्वे समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य या दोघांच्याही अधिकारात, ३५ व्या क्रमांकावर आहेत. प्रत्यक्ष वाहनकर मात्र राज्यसूचीत ५७ व्या क्रमांकावर आहे. गाडी कशी नोंदवावी, नंबर कसा असावा, कागद कोणते लागावेत हे सर्व देशभर एकाच केंद्रीय कायद्याने ठरते, पण गाडीवर कर किती घ्यावा आणि तो कोणत्या तिजोरीत जावा हे ज्या त्या राज्याच्या विधिमंडळाच्या हाती राहते. महाराष्ट्रात त्यासाठी १९५८ चा कायदा आहे, कर्नाटकात १९५७ चा. दोन्ही कायदे आजच्या राज्यांच्या सीमांपेक्षा किंवा नावांपेक्षा जुने आहेत, ही गोष्ट जाता जाता नोंदवण्यासारखी आहे.

खाजगी मोटारीवरचा कर पूर्वी दर वर्षी भरला जाई. आता बहुतेक राज्ये तो नोंदणीच्या वेळीच एकरकमी घेतात, आणि नोंदणी पंधरा वर्षांची असल्याने हा करही साधारणपणे तेवढ्या काळासाठी घेतलेला असतो. राज्याराज्यांच्या दरांत मोठी तफावत आहे. महाराष्ट्रात दहा लाख ते वीस लाख रुपये किमतीच्या पेट्रोल मोटारीवर १२ टक्के आणि त्याच किमतीच्या डिझेल मोटारीवर १४ टक्के कर आहे. कर्नाटकात याच किंमतगटाला १७ टक्के आजीवन कर आणि त्यावर उपकर लागतो. बारा लाखांच्या पेट्रोल गाडीचा हिशेब केल्यास महाराष्ट्रात १ लाख ४४ हजार, तर कर्नाटकात उपकर धरण्यापूर्वीच २ लाख ४ हजार रुपये होतात. पुदुच्चेरीसारख्या केंद्रशासित प्रदेशात कर बराच कमी असल्याने तेथील पत्ता दाखवून महागड्या गाड्या नोंदवण्याची युक्ती दक्षिणेत बोकाळली होती, आणि २०१७ साली केरळात काही नामवंतांच्या अशा गाड्यांची प्रकरणे बाहेर येऊन पोलीस तपासही झाले. पुण्यात राहणारा मनुष्य पंधरा वर्षांचा पूर्ण कर महाराष्ट्राला देऊन दोन वर्षांत बेंगळुरूला जातो, तेव्हा कर्नाटकाच्या दृष्टीने त्याने त्या राज्याच्या रस्त्यांसाठी एक पैसाही दिलेला नसतो. दोन्ही राज्यांचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे. फक्त त्यांच्यातील हिशेब त्यांनी परस्पर मिटवण्याऐवजी त्यासाठीची धावाधाव गाडीच्या मालकावर टाकलेली आहे.

बारा महिन्यांची मुदत कायद्यात स्पष्ट असली तरी राज्यांना ती नेहमीच मानवते असे नाही. कर्नाटकाने २०१४ मध्ये आपल्या कर कायद्यात दुरुस्ती करून परराज्यातील गाडी तीस दिवसांहून अधिक काळ वापरल्यास संपूर्ण आजीवन कराची मागणी सुरू केली, आणि बेंगळुरूच्या रस्त्यांवर महाराष्ट्र, केरळ किंवा तमिळनाडूचे नंबर पाहून गाड्या अडवल्या जाऊ लागल्या. पुढे उच्च न्यायालयाने ही तीस दिवसांची अट केंद्रीय कायद्यातील बारा महिन्यांच्या मुदतीशी विसंगत ठरवून रद्द केली. तरीही प्रत्यक्षात एक अडचण उरतेच, ती म्हणजे गाडी त्या राज्यात नेमकी केव्हा आली हे दाखवायचे कसे. टोलच्या नोंदी, नव्या नोकरीचे रुजू पत्र, घराच्या भाडेकराराची तारीख यांवरच मालकाला भिस्त ठेवावी लागते, म्हणून राज्य बदलणाऱ्याने हे कागद जपून ठेवणे शहाणपणाचे. सीमाभागात तर 'ठेवणे' या शब्दाचाच कस लागतो. चंदगड तालुक्यातील शेतकरी किंवा व्यापारी बाजारासाठी, दवाखान्यासाठी, मुलांच्या कॉलेजसाठी वर्षभर बेळगावला जात-येत असतो. पण त्याची गाडी रात्री घरच्या अंगणात उभी राहते, त्यामुळे ती कर्नाटकात 'ठेवलेली' नसते आणि तिला नव्या नंबराची गरज पडत नाही.

नव्या नंबराची वाट जुन्या राज्यातून सुरू होते. ज्या आरटीओत गाडी नोंदलेली आहे तेथून कलम ४८ खाली ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे एनओसी, घ्यावी लागते आणि त्यासाठीचा अर्ज नमुना २८ मध्ये असतो. हे प्रमाणपत्र देण्यापूर्वी गाडी चोरीची नसल्याबद्दल पोलिसांकडून लेखी अहवाल घेणे आणि रस्ताकरासह सरकारचे सर्व देणे फिटलेले असल्याची खात्री करणे कार्यालयावर बंधनकारक आहे. चोरीच्या गाड्यांची देशव्यापी नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे असते आणि त्या नोंदीवरून मिळणारा दाखला बहुतेक ठिकाणी अर्जासोबत जोडावा लागतो. वाहतूक पोलिसांची जुनी ई-चलने थकलेली असतील तर तीही येथे आडवी येतात. आज अर्ज आणि शुल्क वाहन या केंद्रीय पोर्टलवर भरता येत असले, तरी कागदाची सद्दी अजून पूर्णपणे संपलेली नाही, आणि तिचा सर्वांत चिवट अवशेष म्हणजे चॅसिस नंबरची पेन्सिलीने घेतलेली छाप. गाडीच्या सांगाड्यावर, बहुधा इंजिनच्या कप्प्यात किंवा पुढच्या आसनाखाली, सतरा अक्षरे आणि अंकांचा हा क्रमांक ठोकलेला असतो. धूळ आणि ग्रीस पुसून त्यावर कागदी चिकटपट्टी लावायची, वरून पेन्सिल आडवी घासायची आणि उमटलेली पट्टी अर्जावर डकवायची, अशी ही रीत आहे. संगणकातील नोंद, नोंदणी प्रमाणपत्रावरील, म्हणजे आरसीवरील, छापील क्रमांक आणि ही काळपट पट्टी तिन्ही जुळली म्हणजे कागदावरची गाडी आणि समोरची गाडी एकच असल्याचे गृहीत धरले जाते. आरटीओच्या फाटकाबाहेर बसणारे एजंट हे काम दोन मिनिटांत करून देतात, आणि त्यांचा धंदा टिकून राहण्याचे एक कारण अशा किरकोळ पण अडवणाऱ्या गोष्टींतच आहे.

कर्जावर घेतलेल्या गाडीच्या बाबतीत आणखी एक टप्पा असतो. अशा गाडीच्या आरसीवर बँकेचे नाव असते. सरकारी मराठीत याला 'बोजा' म्हणतात, आणि कर्ज फिटून तो उतरवला जाईपर्यंत बँकेच्या संमतीशिवाय गाडीचे राज्य बदलता येत नाही. येथे पुष्कळांची गल्लत होते, कारण बँकेचे पत्र, पोलिसांचा दाखला आणि आरटीओचे प्रमाणपत्र या तिन्ही कागदांना सर्रास 'एनओसी' म्हटले जाते. बँक राज्य बदलण्यासाठी देते ते पत्र आणि कर्ज फिटल्यावर देते ते पत्र हेही दोन निरनिराळे कागद आहेत. दुसरी दक्षता अशी की आरटीओची एनओसी विशिष्ट राज्यातील विशिष्ट कार्यालयाच्या नावाने निघते. म्हणून नव्या शहरात घर कोणत्या आरटीओच्या हद्दीत येते हे पक्के झाल्याशिवाय अर्ज करू नये. अर्जाची पोच तर सांभाळावीच, कारण कार्यालयाने तीस दिवसांत नकार कळवला नाही तर एनओसी दिल्याचे मानले जाते आणि नव्या राज्यात ती पोच व तशा आशयाचे प्रतिज्ञापन देऊन अर्ज करता येतो, अशी सोय कायद्यात आहे. ही तरतूद नागरिकांपैकी फार थोड्यांना माहीत असते, आणि खिडकीपलीकडून ती आपणहून कोणी सांगत नाही.

नव्या राज्यात नमुना २७ भरून एनओसी, विमा, प्रदूषण चाचणीचे प्रमाणपत्र म्हणजे पीयूसी, आणि नव्या पत्त्याचा पुरावा दिल्यावर मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो आणि कराची रक्कम ठरते. हा कर नव्या गाडीइतका नसतो. गाडीचे वय पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजून त्या प्रमाणात तो कमी केलेला असतो. पंधरा वर्षांची मुदतही नव्या नंबराबरोबर नव्याने सुरू होत नाही, तर पहिल्या नोंदणीपासूनचीच पुढे चालू राहते.

जुन्या राज्याला आगाऊ दिलेल्या कराचा उरलेला भाग परत मागण्याचा हक्क महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या कायद्यांत आहे, आणि संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत दुबळा दुवा तोच आहे. परताव्यासाठी गाडी खरोखर दुसऱ्या राज्यात नोंदली गेल्याचा पुरावा, म्हणजे नवी आरसी, जुन्या आरटीओला द्यावी लागते. नवी आरसी मिळण्यासाठी नव्या राज्याचा कर आधी भरावा लागतो. त्यामुळे काही महिने तरी एकाच गाडीचा कर दोन तिजोऱ्यांत अडकून राहतो. शिवाय हा अर्ज करायचा तो आपण सोडून आलेल्या गावातील कार्यालयात, मूळ कर पावतीसह. पावती हरवलेली असणे, पाठपुराव्यासाठी तेथे कोणी माणूस नसणे आणि प्रवासखर्चापुढे रक्कम किरकोळ वाटणे, अशा कारणांनी कित्येकजण हा परतावा सोडून देतात. केंद्रीय पोर्टलवर दोन्ही राज्यांच्या नोंदी एकत्र असताना जुन्या राज्याने मालकाच्या अर्जाची वाट न पाहता ही रक्कम थेट त्याच्या बँक खात्यात जमा करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अवघड आहे ते मिळालेला पैसा राज्याने आपणहून परत देणे.

नंबर बदलला की इतर काही नोंदीही बदलाव्या लागतात. उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी, नव्या क्रमांकाची बसवावी लागते. फास्टॅग जुन्या क्रमांकाशी जोडलेला असल्याने त्याची माहिती अद्ययावत करावी लागते. विमा कंपनीला कळवावे लागते. खाजगी मोटारीच्या विम्यासाठी देशाचे दोन विभाग मानले जातात आणि अहमदाबाद, बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली व पुणे ही शहरे पहिल्या, किंचित महाग विभागात मोडतात. त्यामुळे पुण्याहून बेंगळुरूला गेल्याने विम्याच्या हप्त्यात विभागामुळे फरक पडत नाही, पण साताऱ्याहून गेल्यास पडू शकतो. वाहन चालवण्याचा परवाना मात्र देशभर वैध असतो आणि राज्य बदलले म्हणून तो नव्याने काढावा लागत नाही.

या सर्व कटकटीवर केंद्र सरकारने २०२१ मध्ये एक उतारा काढला. त्या वर्षीच्या २६ ऑगस्टला अधिसूचित होऊन १५ सप्टेंबरपासून लागू झालेल्या नियमांनी 'बीएच' म्हणजे भारत मालिका सुरू झाली. तिच्या नंबरात आधी नोंदणीच्या वर्षाचे दोन अंक, मग बीएच ही अक्षरे, नंतर चार अंक आणि शेवटी अक्षरे येतात. राज्याचा उल्लेख नसल्याने राज्य बदलले तरी नंबर तोच राहतो. खरी क्लृप्ती कराच्या रचनेत आहे. पंधरा वर्षांचा कर एकदम घेण्याऐवजी तो दोन वर्षांचा किंवा दोनाच्या पटीत घेतला जातो, त्यामुळे मालक ज्या राज्यात असेल त्याला त्या काळापुरता कर मिळतो आणि परताव्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दर दहा लाखांपर्यंत ८ टक्के, वीस लाखांपर्यंत १० टक्के आणि त्यापुढे १२ टक्के असे असून डिझेल गाडीला दोन टक्के जास्त आणि विजेवरील गाडीला दोन टक्के कमी लागतात. चौदा वर्षांनंतर कर दर वर्षी आणि आधीच्या निम्म्या प्रमाणात घेतला जातो. २०२२ च्या डिसेंबरमधील दुरुस्तीने साध्या नंबराची गाडीही कर भरून या मालिकेत आणण्याची, तसेच बीएच गाडी या मालिकेस पात्र नसलेल्या माणसाला विकण्याची वाट मोकळी झाली.

मात्र ही मालिका सर्वांसाठी खुली नाही. संरक्षण दलांतील, केंद्र व राज्य सरकारांतील आणि सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी कंपन्यांचे कर्मचारी यांनाच ती घेता येते; खाजगी नोकरदाराला त्यासाठी नमुना ६० मध्ये मालकाकडून, म्हणजे कंपनीकडून, प्रमाणपत्र आणावे लागते. बदलीच्या नोकरीत फिरणारा बँक अधिकारी तिच्यात बसतो, पण गावोगावी कंत्राटे घेणारा इलेक्ट्रिशियन, स्वतःचा दवाखाना दुसऱ्या राज्यात हलवणारा डॉक्टर किंवा एकाच शहरातील छोट्या कारखान्यातून दुसऱ्या राज्यातील छोट्या कारखान्यात जाणारा फोरमन बसत नाही. आणि स्थलांतराचा खर्च स्वतःच्या खिशातून करणारे लोक बहुतांशी याच दुसऱ्या गटातले असल्याने एनओसी, दुबार कर आणि परताव्याचा अर्ज त्यांना आजही चुकलेला नाही.