खारजमिनीची माती व गोडें पाणी

आमच्या पेण व रोहें तालुक्यांतील खाडीकांठच्या खातेदारांस खाऱ्या पाण्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. उधाणानें बाहेरकांठा फुटला म्हणजे पीक जातें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु बांध नीट होऊन व दोन पावसाळे जाऊनही कित्येक शेतें सुधारत नाहींत. उलट पाणी मुरेनासें होतें आणि उन्हाळ्यांत ढेंकळें दगडासारखीं बनतात. महसूल खात्यांत असतां आणेवारीच्या निमित्तानें अशीं शेतें आम्हीं पाहिलीं आहेत. खातेदार बियाण्यास दोष देतो; दोष पुष्कळदां मातीच्या सूक्ष्म कणांत असतो.

याची प्रचीति घरींच घेतां येते. एका पेल्यांत खाडीचें व दुसऱ्यांत पावसाचें पाणी घेऊन दोहोंत अशा शेतांतील चिमूटभर चिकण माती ढवळावी. खाडीच्या पाण्यांतील गाळ लवकर तळाशीं बसतो. दुसऱ्या पेल्यांत माती बसली कीं वरचें पाणी ओतून नवें घालावें. असें दोनतीनदां केल्यावर मातीतलें मीठ निघून जातें आणि मग तें पाणी बराच वेळ गढूळ राहतें. माती एकच, फरक केवळ पाण्याचा.

कारण असें कीं, चिकण मातीच्या कणांवर ऋण विद्युद्भार असतो व समान भाराचे कण परस्परांस दूर लोटतात. खाऱ्या पाण्यांत मिठाचे धनभारित अंश त्यांच्याभोंवतीं दाटी करतात. त्यामुळें हें लोटणें दुबळें होऊन कणांचे पुंजके बनतात व तळाशीं बसतात. अंबा व कुंडलिका या नद्यांचा गाळ भरतीच्या पाण्याशीं गांठ पडतांच बसतो, त्याचें हेंही एक कारण होय. गोड्या पाण्यानें मीठ धुतलें जातें, पण कणांस चिकटलेला सोडियम मागें राहतो. मग कण सुटे होऊन मातीचीं छिद्रें बुजवितात आणि धुण्यासाठीं घेतलेलें पाणीच तुंबून राहतें.

यावर उपाय सोडियमाच्या जागीं कॅल्शियम आणण्याचा आहे. त्याचा भार दुप्पट असल्यानें तो कणांस एकत्र धरून ठेवतो. चिरोडी म्हणजे जिप्सम हें त्याचें सोयीचें साधन. १९५३ सालीं हॉलंडांत समुद्र शेतांत शिरला, तेव्हां तेथील शेतकऱ्यांनीं जमिनीवर जिप्समच पसरलें होतें. मात्र प्रत्येक खारजमिनीस त्याची गरज असतेच असें नाहीं. आधीं माती तपासून घ्यावी. पनवेल येथें यासाठींच खारभूमि संशोधन केंद्र आहे.

तेव्हां आमचें सांगणें इतकेंच कीं, प्रथम बाहेरकांठा व उघाडी दुरुस्त करावी. पहिल्या पावसाचें पाणी शेतांत कोंडून मग ओहोटीच्या वेळीं उघाडीनें बाहेर काढावें व मीठ निघेपर्यंत फार चिखल करूं नये. मीठ घालवितांना माती विस्कटूं दिली, तर बांधावरचा सारा खर्च पाण्यांत गेला असें समजावें.