‘लायसन्स लागत नाही’ हे खरं कधी?

संध्याकाळची वेळ. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर वळसंगजवळ उसाच्या ट्रॉल्यांच्या कडेनं एक शाळकरी मुलगा बॅटरीच्या सायकलवरून चालला होता, मागे धाकटी बहीण. गाडीला पॅडल होते, पण पाय त्यावर नव्हतेच. मूठ पिळली की गाडी सुसाट. घरच्यांना दुकानात सांगितलं होतं, ‘लायसन्स नको, नंबर नको.’

हे खरं आहे, पण अटी पाळल्या तरच. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार मोटरची ताकद 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत असेल, तरच ती मोटार वाहन ठरत नाही. नीट ब्रेक हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. ही शेवटची अट कागदावरची समजू नका. अंधारात मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला सायकल दिसते ती त्या लाल तुकड्यामुळे.

खरी गडबड होते ती गाडी विकताना किंवा विकल्यावर. वेगाला लावलेलं कुलूप काढून देतात आणि गाडी पंचेचाळीस-पन्नासनं पळायला लागते. राज्याच्या परिवहन आयुक्तांनी मे 2022 मध्ये अशा गाड्यांची तपासणी करायला आरटीओंना सांगितलं, ते यासाठीच. कुलूप निघालं की ती सायकल राहत नाही. मग नोंदणी, विमा, लायसन्स, हेल्मेट सगळं आलं. विमा नसताना कुणाला धडक बसली, तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. एखाद्या शेतकरी घराला हा घाव वर्षानुवर्षं पुरतो.

आणि अशी गाडी चालवणारा अल्पवयीन असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 199अ लागतं: पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

शाळा लांब, एसटी वेळेवर नाही. मुलांना सायकल हवीच, आणि बॅटरीची सायकल ही चांगलीच सोय आहे. पण पैसे मोजण्याआधी दुकानदाराकडे त्या मॉडेलचं मान्यतेचं प्रमाणपत्र मागा. पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्था ते देतात. ‘नंतर देतो’ म्हणाला, तर गाडी तिथेच ठेवून घरी या.