व्यसनमुक्तीची वेठ

अमेरिकेत 'ड्रग कोर्ट' नावाची स्वतंत्र न्यायालये आहेत. त्यांतले पहिले १९८९ साली फ्लॉरिडा राज्यात मायामी येथे सुरू झाले. आज ती तीन हजारांहून अधिक आहेत. व्यसनापायी गुन्ह्यात सापडलेल्या माणसाला तुरुंगात न डांबता उपचाराला पाठवावे, ही त्यामागची कल्पना. ती वाईट नाही. १९८६ च्या कायद्याने, काळ्या वस्त्यांत खपणाऱ्या क्रॅक कोकेनच्या पाच ग्रॅमला आणि साध्या कोकेनच्या पाचशे ग्रॅमला एकच किमान शिक्षा ठरवली होती. हे शंभरास एक प्रमाण २०१० मध्ये अठरास एक झाले. बरोबरी कायद्यात अजूनही नाही. अशा कायद्यांनी तुरुंग भरत असताना उपचाराचा दरवाजा उघडणे हे पाऊल पुढचेच होते. या न्यायालयांतून गेलेली माणसे पुन्हा गुन्ह्याकडे कमी वळतात असे अनेक अभ्यासांत दिसले आहे, आणि ते नाकारण्याचे मला कारण नाही. मला विचारायचे आहे ते एवढेच, की या दयेचा खर्च कोण सोसतो आणि तिच्यावर कमावतो कोण?

त्यासाठी या न्यायालयाचे काम कसे चालते ते आधी पाहावे लागेल. बहुतेक ठिकाणी आरोपीने प्रथम गुन्हा कबूल करायचा असतो. शिक्षा लगेच होत नाही, ती डोक्यावर टांगलेली राहते. मग वर्ष दीड वर्ष उपचार, लघवीच्या तपासण्या, दर काही दिवसांनी न्यायाधीशापुढे हजेरी. पार पडला तर सुटका, नाही तर ती टांगलेली शिक्षा. नेहमीच्या न्यायालयात सरकारी वकील आणि बचावाचा वकील समोरासमोर असतात. इथे दोघेही एकाच 'चमू'चे सभासद मानले जातात, आणि त्याच चमूत उपचार करणाऱ्या संस्थेचा प्रतिनिधीही बसतो. रोगी बरा होतो आहे की नाही, त्याला अजून किती महिने ठेवायचे, हे न्यायाधीशाला तोच सांगतो. आणि तेवढ्याच महिन्यांचे पैसे त्याच्या संस्थेला मिळतात. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ या एका खुर्चीत आहे. त्या खुर्चीवरचा माणूस प्रामाणिक असू शकेल, पुष्कळदा असतोही. पण साक्षीदार आणि सावकार एकच असावा ही रचनाच मुळात वाकडी आहे.

पैसा येतो अनेक वाटांनी: केंद्राचे अनुदान, गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, आणि खुद्द आरोपीकडून घेतलेली तपासणीची व देखरेखीची फी. जिथे ह्या वाटा अपुऱ्या पडतात तिथे जे घडते ते आपल्या वाचकाने नीट समजून घेण्यासारखे आहे.

ओक्लाहोमा राज्यात २००७ साली कोंबडीच्या मांसाच्या धंद्यातून आलेल्या काही मंडळींनी एक संस्था काढली. तिचे लांबलचक ख्रिस्ती नाव आद्याक्षरांत म्हटले की 'केअर' असे ऐकू येते, म्हणजे काळजी. न्यायालये तिथे माणसे पाठवीत. संस्था त्यांना सिमन्स फूड्स या कंपनीच्या कारखान्यांत कोंबड्या सोलायला, कापायला पाठवी. कंपनी कामाचे पैसे संस्थेला देई. संस्था माणसाला राहायला जागा, जेवण आणि बायबलचे वर्ग देई. मजुरी एक पैसाही नाही. उपचारसंस्थेचा सरकारी परवाना तिच्याकडे नव्हता. 'रिव्हील' या शोधपत्रकारितेच्या संस्थेने २०१७ साली हे सर्व उजेडात आणले, तेव्हा तिची मिळकत १ कोटी १० लाख डॉलरच्या वर गेल्याचे दिसून आले. कामात जखमी झालेल्यांच्या नावाने मिळालेली भरपाईसुद्धा संस्थेने स्वतःकडे ठेवल्याचे आढळले. काम झेपत नाही म्हणणाऱ्याला तुरुंगाची आठवण करून दिली जाई. ज्याच्या डोक्यावर शिक्षा टांगलेली आहे त्याला एवढी आठवण पुरते.

इथे न्यायाधीशाच्या खिशात काही गेले का, असा प्रश्न कार्यकर्ते लगेच विचारतील. तसाही प्रकार अमेरिकेत घडला आहे. पेनसिल्व्हेनियात लुझर्न परगण्याच्या दोन न्यायाधीशांनी खासगी बालसुधारगृहाच्या मालक-बांधकामदारांकडून २८ लाख डॉलरच्या आसपास रक्कम घेतली आणि क्षुल्लक कारणांवरून पोरांना कोठडीत धाडले; २०११ मध्ये एकाला २८ वर्षे आणि दुसऱ्याला साडेसतरा वर्षे शिक्षा झाली. पण तो उघड लाचेचा मामला होता, म्हणून पकडता आला. ओक्लाहोमात न्यायालयाला मिळतो तो वाचलेला पैसा. उपचारासाठी तिजोरीतून डॉलर काढावा लागत नाही, यादीतली माणसे मार्गी लागतात, कारखान्याला पाळीवर हजर राहणारे हात मिळतात. कोणी कोणाला पाकीट दिलेले नाही. २०१८ साली अमेरिकेने व्यसनमुक्ती केंद्रे, निवासगृहे आणि प्रयोगशाळा यांना रोगी पुरवण्याबद्दल दलाली देणे-घेणे हा गुन्हा ठरवला. चांगला कायदा. पण बिनपगारी श्रमाने फिटणारा हिशेब दलालीच्या व्याख्येत बसवणे अवघड आहे.

औषधांचीही एक कथा आहे, ती थोडक्यात सांगतो. अल्करमेस कंपनीचे व्हिव्हिट्रोल नावाचे महिन्याचे इंजेक्शन हजार डॉलरच्या घरात जाते. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही त्याहून जुनी आणि अधिक पारखलेली औषधे. पण ती म्हणजे एका व्यसनाच्या जागी दुसरे व्यसन, असा समज कित्येक न्यायाधीशांत पसरलेला होता. कंपनीने डॉक्टरांप्रमाणे न्यायाधीशांकडेही आपले प्रतिनिधी पाठवले. शेवटी २०१५ मध्ये केंद्राला अट घालावी लागली, की अनुदान हवे असेल तर डॉक्टरने दिलेले असे औषध न्यायालयाने बंद करू नये.

आता मजुरीच्या मुद्द्याकडे परत येतो. हे 'रोगी' कामगार आहेत की नाहीत? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली अलामो फाउंडेशन या धार्मिक संस्थेच्या खटल्यात सांगितले होते, की अन्न, वस्त्र, निवारा यांच्या बदल्यात राबणारी माणसे, ज्यांत पूर्वीचे व्यसनी आणि गुन्हेगारही होते, कायद्याने कामगारच ठरतात. ती स्वतः नाही म्हणाली तरी. असे असूनही २०२२ मध्ये आर्कान्सातील अशाच एका केंद्राच्या आणि प्लास्टिक कारखान्याच्या प्रकरणात अपील न्यायालयाने मजुरांविरुद्ध कौल दिला. खालच्या न्यायालयाने तो त्यांच्या बाजूने दिला होता. पुढच्याच वर्षी दुसऱ्या विभागाच्या अपील न्यायालयाने सेनिकोर या संस्थेच्या खटल्यात राबणारे लोक कामगार असल्याचे मान्य केले. एकाच देशात एकाच प्रकारच्या घामाला दोन न्याय.

मजुरांविरुद्धचा युक्तिवाद असा, की हा माणूस स्वतःच्या भल्यासाठी तिथे राहिला, तुरुंग नको म्हणून त्यानेच हे निवडले. हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. महार वतनाच्या बचावात हेच म्हटले जाई: तुम्हाला इनामाची जमीन आहे, बलुते आहे, मग रात्री-अपरात्री सरकारी निरोप घेऊन धावण्याची मजुरी कसली मागता? १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले ते या तर्काविरुद्धच. वतन जन्माने गळ्यात पडे आणि ड्रग कोर्ट गुन्ह्याने. हा फरक मी झाकू इच्छित नाही. कोंबडीच्या कारखान्यात काळ्यांबरोबर गोरे गरीबही असतात. परंतु तुकडा टाकून मजुरी बुडवण्याची रीत तीच.

अमेरिकेच्या १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द करताना गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमाला मोकळीक ठेवली. त्या फटीतून दक्षिणेत कैदी भाड्याने देण्याची पद्धत शिरली. आपल्या घटनेचे २३ वे कलम वेठबिगारीला मनाई करते. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला: भुकेने दुसरा मार्गच उरला नसेल तर तीही सक्तीच, आणि किमान वेतनाहून कमी देऊन घेतलेले काम हे सक्तीचे काम. भूक ही सक्ती असेल, तर डोक्यावरचा तुरुंग सक्ती का नव्हे?

आपल्याकडे ड्रग कोर्टे नाहीत. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या ३९ व्या कलमात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याच्या संमतीने, सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचारासाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल न्यायालयापुढे यायला हवा. संस्था आपल्या रोग्याला कामाला लावू शकते का, लावले तर मजुरी कोणाची, याबद्दल त्या कलमात एक अक्षर नाही.