आधुनिक डिझेल इंजिनाची दुरुस्ती : काही रूढ समजुतींचा परामर्श

डिझेल इंजिनात संगणकाचा शिरकाव झाल्यापासून जुन्या मिस्त्रींची विद्या निकालात निघाली आणि आता स्कॅनर जोडून पडद्यावर उमटेल ते वाचणे एवढीच काय ती कारागिरी शिल्लक राहिली, अशी समजूत गॅरेजच्या आत आणि बाहेरही इतकी दृढ झाली आहे, की हे काम शिकू पाहणारा मुलगा पाना हाती धरण्यापूर्वीच स्कॅनरची किंमत विचारू लागतो. वस्तुतः रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, त्याचे मूलतत्त्व, म्हणजे केवळ हवा दाबून ती इतकी तापवावयाची की तीत फवारलेले इंधन ठिणगीवाचून पेट घेईल, आजही यत्किंचित ढळलेले नाही. पालट झाला तो फवारणीच्या अंमलात. पूर्वी पंपातील कॅम आणि गव्हर्नर यांच्याकडे असलेला कारभार आता ईसीयू या इंजिनावरील संगणकाच्या स्वाधीन झाला आहे. परंतु रिंगा झिजून कॉम्प्रेशन उतरले असेल, तर ईसीयूने कितीही अचूक हुकूम सोडले तरी त्यांची तामिली व्हावी कशी?

या समजुतीचेच दुसरे अंग असे, की स्कॅनर खराब झालेला सुटा भाग नेमका दाखवितो. फॉल्ट कोड ही फिर्याद असते. तपास आणि फैसला मिस्त्रीनेच करावयाचा असतो. समजा, माल भरलेला टेंपो खंबाटकीच्या चढावर दम टाकू लागला आणि स्कॅनरवर ‘पी ००८७’, अर्थात रेलमधील (सर्व इंजेक्टरांना इंधन पुरविणाऱ्या सामाईक नळीतील) दाब अपेक्षेपेक्षा कमी, असा कोड उमटला. यावरून हाय प्रेशर पंप निकामी झाला असे मानून मालकाला त्या महागड्या पंपाचा खर्च सांगणारे महाभाग पुष्कळ आढळतात. प्रत्यक्षात हीच तक्रार तुंबलेल्या डिझेल फिल्टरमुळे, ओढीच्या नळीतून हवा घेतल्यामुळे, रेलवरील प्रेशर व्हॉल्व्ह गळत असल्यामुळे, किंवा सेन्सर खोटी जबानी देत असल्यामुळेही उद्भवू शकते. म्हणून जाणता कारागीर प्रथम फिल्टर पाहतो. मग टाकीकडून येणाऱ्या मार्गात पारदर्शक नळीचा तुकडा बसवून बुडबुडे येतात की नाही हे न्याहाळतो. आणि त्यानंतर प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी एकेका खुणा केलेल्या बाटलीत सोडून इंजिन चालू करतो. तीन बाटल्यांत थोडे थोडे डिझेल साचून चौथी भराभर भरू लागली, की त्या इंजेक्टरची आतली झीज साक्षीपुराव्यानिशी शाबीत होते, आणि पंपाचा बळी टळतो.

याच ठिकाणी जुन्या सवयींपैकी एक मात्र प्राणघातक ठरते, आणि तिच्याविषयी भीड न ठेवता बोलणे इष्ट आहे. कोणता सिलिंडर मार खातो हे ओळखण्यासाठी चालू इंजिनात इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करून पाहण्याची पद्धत जुन्या यांत्रिक पंपांवर सर्रास चालत असे; कॉमन रेलवरही ती चालते, हा भयंकर गैरसमज होय. रेलमधील दाब पूर्ण भारावर १६०० ते २००० बारपर्यंत, आणि काही रचनांत त्याहूनही वर जातो. एवढ्या दाबाने सुटलेली डिझेलची अदृश्यप्राय धार त्वचा भेदून मांसात शिरते. वर टाचणी टोचल्यासारखा ठिपका तेवढा दिसतो, प्रारंभी वेदनाही बेताचीच असते, आणि म्हणून माणूस फडक्याने हात पुसून पुन्हा कामाला लागतो. आतील ऊती मात्र काही तासांत कुजू लागतात, आणि शस्त्रक्रियेस विलंब झाल्यास बोट किंवा हातही गमवावा लागतो. अशी इजा लहान दिसली तरी तातडीने इस्पितळ गाठावे. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरावा. आणि इंजिन बंद केल्यावरही दाब उतरण्यास मॅन्युअलमध्ये सांगितलेला अवधी द्यावा.

इंजेक्टर बदलला की काम आटोपले, हीदेखील अशीच एक अर्धवट समजूत. अनेक गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरच्या अंगावर त्याच्या फवाऱ्याचे सूक्ष्म फरक सांगणारा संकेतांक कोरलेला असतो आणि तो ईसीयूच्या दप्तरी नोंदवावा लागतो. न नोंदविल्यास इंजिन ओबडधोबड चालते आणि धूरही टाकते. शिवाय खालचा तांब्याचा वॉशर दरवेळी नवाच घालावा लागतो, आणि उघड्या नळ्यांना ताबडतोब टोप्या घालाव्या लागतात. कारण आतील भागांमधील फट अवघी दोन-तीन मायक्रॉनांची असते.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके लागू झाल्यावर समजुतींची नवी भर पडली. ट्रकवाले ज्याला नुसते ‘युरिया’ म्हणतात, ते डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि उरलेले खनिजविरहित पाणी. ते इंधनात मिसळण्याचे औषध नव्हे. ते गरम धुरात फवारले जाते आणि पुढील उत्प्रेरकात नायट्रोजनच्या घातक ऑक्साइडांचे नायट्रोजन व पाणी होते. खताच्या दुकानातील युरिया बोअरच्या पाण्यात विरघळवून पैसे वाचविणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की त्यावरील नीमतेलाचा लेप आणि पाण्यातील क्षार हे दोन्ही डोसिंग नोझल व उत्प्रेरक यांचे वैरी आहेत. डीपीएफ, म्हणजे धुरातील काजळी अडविणारी गाळणी, काढून टाकल्याने गाडी ‘मोकळी’ होते, हे तर कायद्याच्याही विरुद्ध. काजळी जाळण्यासाठी त्यात सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. रोज गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत ते जळणे अर्ध्यावर खंडित होते, त्यासाठी जादा फवारलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते, आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली पाहून मालक उलट समाधान पावतो!

राहता राहिला शिक्षणाचा प्रश्न. आयटीआयचा ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम दहावी उत्तीर्ण मुलाला खुला आहे, आणि तो वायफळ असून उस्तादाच्या हाताखालीच खरी विद्या मिळते, असे म्हणणारे जितके चुकतात, तितकेच प्रमाणपत्र मिळाले की कारागीर झालो, असे मानणारेही. माझे मत विचाराल तर नवशिक्याने इंजिन खोलण्याआधी मल्टिमीटर शिकावा : सेन्सरला पाच व्होल्ट पोचतात का, आणि स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक व इंजिनाचा ब्लॉक यांमध्ये अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक पडतो का, हे आधी तपासावे, कारण अर्थिंगची गंजलेली एक पट्टी एकाच वेळी चार-पाच सेन्सरांविरुद्ध खोट्या फिर्यादी गुदरू शकते.