पाण्यावरची सुई

नौबादचा करेझ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पाणी उताराने धावते हे शिकवावे लागत नाही. पंधराव्या शतकात, बहामनी राजवटीत खोदलेली ही भुयारी पाण्याची वाट उताराच्याच बळावर योजलेली आहे. परंतु स्थिर पाण्याच्या अंगीही एक बळ असते. ते दाखविण्यास प्रयोगशाळा लागत नाही. वाटीभर पाणी पुरते.

टीपकागदाच्या तुकड्यावर शिवणाची कोरडी सुई ठेवून तो पाण्यावर अलगद सोडावा. कागद भिजून खाली जातो, सुई वर राहते. पोलाद पाण्याच्या सुमारे पावणेआठपट जड. मग सुई बुडत का नाही? पाण्याचे रेणू एकमेकांस ओढतात. आतल्या रेणूला ही ओढ चहूकडून असते. पृष्ठावरील रेणूच्या वर मात्र पाणीच नसते. म्हणून पृष्ठ आक्रसू पाहते व ताणलेल्या पडद्याप्रमाणे वागते. यालाच पृष्ठताण म्हणतात. २० अंश सेल्सिअसला तो दर सेंटिमीटरला सुमारे ७३ डाइन भरतो. चार सेंटिमीटर लांबीच्या सुईला दोन्ही बाजू मिळून फार तर अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक वजन पेलेल एवढा आधार मिळतो. बारीक सुईला तो पुरेसा होतो.

एकदा माझ्या वर्गात एका मुलाची सुई तीनदा बुडाली. "हात स्थिर ठेव," म्हणून मी त्याला सर्वांदेखत रागावलो. चौथ्या वेळी मी स्वतः ठेवली, तीही बुडाली. तेव्हा तो भीत भीत म्हणाला, "सर, वाटीला साबणाचा वास येतो." वाटी मीच घासून आणली होती! साबणाने पृष्ठताण निम्म्याहून खाली येतो आणि पाणी सुईला सहज भिजविते. वाटी खळखळून धुतली, आणि त्याच मुलाच्या हातची सुई तरंगली. मी वर्गापुढे त्याची माफी मागितली.

जर्मनीतील आग्नेस पॉकेल्स या बाईंना विद्यापीठाची पायरी चढता आली नाही. त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात पाण्याचे पृष्ठ मळाने कसे बदलते, हे मोजले. लॉर्ड रॅले यांच्या शिफारशीने त्यांचे पत्र १८९१ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले.

तेव्हा घरी मुलाने वा मुलीने वाटी आणि सुई मागितली, तर अवश्य द्यावी. सुई बुडालीच, तर आधी वाटी तपासावी. हाताला बोल मग लावावा.